नावावरून पत्ता

एक्सेलच्या मॅक्रोत डिक्शनरी हे ऑब्जेक्ट दोन प्रकारे आणता येतं. आधी स्क्रिप्टिंग रनटाइमचा रेफरन्स देऊन ‘ॲज डिक्शनरी’ असं स्पष्ट सांगायचं, किंवा नुसतं ‘ॲज ऑब्जेक्ट’ म्हणून क्रिएट-ऑब्जेक्टनं ते आयत्या वेळी उभं करायचं. पुढच्या ओळी अक्षरशः त्याच आणि उत्तरही तेच. आत मात्र दोन वेगळी नाट्यं घडतात!

पहिल्या प्रकारात, म्हणजे अर्ली बाइंडिंगमध्ये, ‘एक्झिस्ट्स’ ही मेथड ऑब्जेक्टच्या व्ही-टेबल नावाच्या तक्त्यात कितव्या घरात आहे, हे कंपाइल होतानाच ठरून जातं. चालताना फक्त तक्ता गाठायचा, त्या घरातला पत्ता उचलायचा आणि तिथे उडी मारायची. प्रोसेसरच्या मोजक्या सूचनांत काम होतं.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे लेट बाइंडिंगमध्ये, हातात असतं निव्वळ नाव. ‘एक्झिस्ट्स’ ही अक्षरं ऑब्जेक्टपुढे ठेवून विचारावं लागतं, या नावाचं तुझ्याकडे काही आहे का? उत्तरादाखल एक क्रमांक मिळतो. मग इनव्होक नावाच्या एकाच दारातून तो क्रमांक आणि व्हेरिअंट नावाच्या डब्यात बांधलेली माहिती आत पाठवायची. आतली बाजू ती सोडते, तपासते आणि शेवटी पोचते त्याच मेथडपाशी. लाख फेऱ्यांच्या लूपमध्ये ही विचारपूस लाख वेळा होते. तरीही लेट बाइंडिंगला मी कमी लेखणार नाही. लायब्ररीची आवृत्ती यंत्रागणिक बदलत असेल, तर मॅक्रो चालता ठेवते ती हीच सैल गाठ.

आणि वर्डमधून एक्सेल चालवत असाल, तर हा फरक जवळजवळ दिसेनासा होतो. तिथे प्रत्येक हाक एका प्रोसेसमधून दुसरीत जाते आणि तो प्रवास नाव शोधण्यापेक्षा कितीतरी महाग असतो. अशा वेळी बाइंडिंग बदलत बसण्यापेक्षा सगळी रेंज एकदम ॲरेमध्ये उचलावी.

खरी कमाल पुढेच आहे. स्मॉलटॉक भाषेत तर प्रत्येक हाक उशिराच बांधली जाते. 1984 साली पीटर डॉइच आणि ॲलन शिफमन यांनी एक निरीक्षण कामाला लावलं: कोडमधल्या एखाद्या ठरावीक जागी बहुतेक वेळा त्याच क्लासचं ऑब्जेक्ट येतं. मग शोधून काढलेला पत्ता हाकेच्या जागीच, चालू कोडमध्ये कोरून का ठेवू नये? पुढच्या वेळी फक्त क्लास तोच आहे ना, एवढं पडताळायचं. हीच इनलाइन कॅश. पण एकाच जागी दोन-चार क्लास आलटून पालटून येत असतील तर? सेल्फ भाषेवर काम करणाऱ्या होल्झल, चेंबर्स आणि उंगर यांनी 1991 मध्ये त्या सगळ्यांचे पत्ते एकत्र ठेवणारी कॅश मांडली. सेल्फच्या चमूतले लार्स बाक पुढे गूगलमध्ये व्ही-8 इंजिन घडवायला गेले. 2008 साली क्रोमबरोबर ते इंजिन आलं, आणि ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट याच युक्तीच्या जोरावर धावू लागली.