पंचावाचून खेळ

चैत्र उजाडला की अहिल्यानगर जिल्ह्यात गावोगावच्या जत्रांना प्रारंभ होतो, आणि जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड हा आलाच. पैलवान आज एका गावी, तर दोन दिवसांनी दुसऱ्या गावी जातो. कुस्ती मारली तर इनाम मिळते. हरली तर अंगाची माती झटकून पुढच्या गावची वाट धरावी लागते. त्याला महिन्याचा पगार नसतो. जत्रांचा हंगाम हेच त्याचे शेत आणि अंगातील बळ हेच त्याचे बियाणे होय.

गोल्फ खेळून उपजीविका करणाऱ्या व्यावसायिक खेळाडूचे जीवनही असेच फिरते असते. पैलवान तालुक्या-तालुक्यांतून हिंडतो, तर हा खेळाडू साऱ्या देशभर हिंडतो. त्याच्या या वर्षभराच्या स्पर्धामालिकेला 'दौरा' असे म्हणतात.

गोल्फ हा खेळ दिसावयास अगदी सोपा आहे. हिरवळीच्या विस्तीर्ण मैदानावर अठरा ठिकाणी सव्वाचार इंच व्यासाच्या लहान खळ्या केलेल्या असतात. अशा खळीला 'होल' म्हणतात. आरंभस्थानापासून ती कधी दीडशे, तर कधी पाचशे मीटर दूर असते. वाटेत झाडी, पाणी व वाळूचे खड्डे आडवे येतात. हे सर्व ओलांडून, लांब दांड्याने चेंडू टोलवीत तो खळीत घालावयाचा. जो कमीत कमी फटक्यांत अठराही खळ्या पुऱ्या करील, तो श्रेष्ठ.

भारतात हा खेळ इंग्रजांबरोबर आला. कलकत्त्यास १८२९ साली गोल्फ क्लब स्थापन झाला. पुढे अनेक लष्करी छावण्यांतून गोल्फची मैदाने तयार झाली. हा खेळ प्रथम साहेबांचा व नंतर श्रीमंतांचा गणला गेला. परंतु खेळाडूच्या दांड्यांची पिशवी वाहणारा आणि त्याला सोबत करणारा जो मदतनीस, त्याला 'कॅडी' म्हणतात. हे कॅडी बहुधा गरिबांघरचे असत. पाहता पाहता तेही खेळ शिकले. दिल्लीचे अली शेर हे असेच एक कॅडी. १९९१ साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक ठरले. एस. एस. पी. चौरसिया यांचे वडील कलकत्त्याच्या मैदानावर हिरवळ राखण्याचे काम करीत. त्याच मैदानाच्या कडेला वाढलेल्या या मुलाने २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकली.

अशा खेळाडूंना वर्षभर खेळावयास मिळावे व त्यांच्या श्रमाचे चीज व्हावे, म्हणून व्यावसायिक खेळाडूंनी २००६ साली 'प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया' ही संस्था उभारली. प्रख्यात क्रिकेटपटू कपिल देव हे २०२४ साली तिचे अध्यक्ष झाले. या दौऱ्यातील स्पर्धा पुण्यातील पूना क्लबच्या मैदानावरही झालेल्या आहेत. पुण्याचे उदयन माने हे याच दौऱ्यावर अनेक स्पर्धा जिंकून पुढे आले, आणि २०२१ साली टोकियो येथील ऑलिंपिक स्पर्धांत भारताकडून खेळले.

दौऱ्यातील एक स्पर्धा बहुधा चार दिवस चालते. रोज अठरा खळ्या खेळावयाच्या. आरंभी सुमारे सव्वाशे खेळाडू असतात. दोन दिवस संपले की पहिले पन्नास आणि त्यांच्या बरोबरीचे एवढेच पुढे जातात; बाकीच्यांचा खेळ तेथेच संपतो. या चाळणीला 'कट' असे नाव आहे. स्पर्धेत एक कोटी रुपयांची बक्षिसे असली, तर पहिल्या क्रमांकाला त्यातील सुमारे पंधरा लाख रुपये मिळतात. कटाखाली राहिलेल्या खेळाडूच्या पदरी मात्र काहीच पडत नाही. प्रवास, मुक्काम व कॅडीची मजुरी हा खर्च त्याने आधीच केलेला असतो. एका फटक्याने मागे राहिला, तरी तो सर्व खर्च त्याच्या अंगावर पडतो.

हंगामभर मिळविलेल्या बक्षिसांच्या बेरजेवरून खेळाडूंचा क्रम लावण्याची प्रथा या दौऱ्यात पडली. २०२३ च्या हंगामात ओम प्रकाश चौहान हे पहिले आले. ते महूचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे जन्मस्थान म्हणून आपण ज्या छावणीस ओळखतो, तेच हे महू. हंगामातील या यशामुळे त्यांना युरोपातील दौऱ्यावर खेळण्याचा अधिकार मिळाला. याउलट जे फार खाली राहतात, त्यांना पुढील हंगामासाठी पुन्हा पात्रता फेरी खेळावी लागते.

एकेका फटक्यावर एवढे अवलंबून असताना फटके मोजतो कोण? कुस्तीच्या आखाड्यात पंच असतो. क्रिकेटमध्येही पंच असतो. गोल्फमध्ये नियमांचा अर्थ सांगण्यासाठी अधिकारी असतात खरे, पण प्रत्येक खेळाडूच्या मागे पंच फिरत नाही. त्याचे फटके सोबतचा प्रतिस्पर्धी लिहून घेतो, आणि फेरीच्या अखेरीस ते तपासून खेळाडू स्वतः सही करतो. प्रत्यक्षाहून कमी आकड्यावर सही केली, तर तो स्पर्धेतून बाद होतो. अधिक आकड्यावर केली, तर तो अधिक आकडाच कायम राहतो. १९६८ साली अमेरिकेतील मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाचे रॉबर्तो दे व्हिसेन्सो यांनी एका खळीस तीन फटके घेतले होते. पत्रिकेवर चुकून चार लिहिले गेले. त्यांनी न तपासता सही केली, आणि एवढ्या मोठ्या स्पर्धेत बरोबरी करूनही ते एका फटक्याने दुसरे ठरले.

चूक आपल्या नजरेतून सुटली, तर असे घडते. पण जी चूक आपल्याखेरीज कोणीच पाहिली नाही, तिचे काय? १९२५ साली अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स हा नामांकित हौशी खेळाडू फटक्याच्या तयारीत असता चेंडू किंचित हलला. अन्य कोणाच्याही ते ध्यानी आले नव्हते. जोन्सने आपण होऊन आपल्या नावावर दंडाचा एक फटका वाढविला. स्पर्धा संपली तेव्हा त्याची एका खेळाडूशी बरोबरी झाली, आणि पुढच्या निर्णायक सामन्यात तो हरला. तो फटका त्याने लपविला असता, तर अजिंक्यपद त्याचेच होते.

हौशी खेळाडूचे अशा वेळी अजिंक्यपद जाते, तर व्यावसायिक खेळाडूची कधी त्या महिन्याची मिळकत जाते. तरीही झाडीत, कोणी पाहत नसता, चेंडू हलला तर तो तसे सांगतो, आणि प्रतिस्पर्धी ते लिहून घेतो. हाताला चेंडू अचूक मारण्याची सवय लागण्यास जशी वर्षे लागतात, तशीच मनाला आपले फटके खरे मोजण्याची सवय लागण्यासही लागतात.