जन्मकालीन प्राणवायू-न्यूनता आणि बालकाची पुढील वाढ

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात, जन्मतः निश्चेष्ट असलेल्या बालकाचे प्राणप्रत्यागमन वर्णिले आहे : कानाजवळ दगडावर दगड आपटणे, मुखावर शीत वा उष्ण जलाचे परिषेचन, सुपाने वारा घालणे. त्या क्रियांची जागा आज पिशवी व मास्कने दिलेल्या श्वासाने घेतली आहे. बालक रडले की सर्वांचा जीव भांड्यात पडतो. परंतु आपल्या चिकित्सालयात हे बालक येते ते काही महिन्यांनी.

प्राणवायू व रक्त यांचा पुरवठा अकस्मात पूर्ण थांबला, तर मेंदूतील खोल केंद्रांना इजा होते व पुढे हातापायांच्या अनैच्छिक, वेड्यावाकड्या हालचाली दिसतात. पुरवठा दीर्घकाळ अपुरा राहिला, तर मुख्य धमन्यांच्या सीमेवरील भाग दुखावतो. असे बालक कधी वेळेवर चालतेही. मात्र स्मरण, अवधान, दृष्टिज्ञान यांतील उणीव शाळेत गेल्यावरच उघड होते. अपस्मार व श्रवणदोषही संभवतात. तथापि प्रत्येक ‘सेरेब्रल पाल्सी’चे खापर प्रसूतीवर फोडणे अन्यायाचे आहे. लिटल यांनी १८६१ मध्ये तसा संबंध मांडला. फ्रॉईड यांनी १८९७ मध्ये कष्टप्रसूती हेच कित्येकदा गर्भातील पूर्वविकृतीचे लक्षण असू शकेल, अशी शंका घेतली. तिला पुढील अभ्यासांनी बरेच बळ दिले.

पहिल्या सहा तासांत सुरू करून ७२ तास शरीर थंड ठेवण्याच्या उपचाराने श्रीमंत देशांत लाभ दिसला. पण भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हेलिक्स’ चाचणीत लाभ तर नाहीच, उलट मृत्यू वाढले. तिकडचे जसेच्या तसे इकडे उचलू नये, हे देश-सात्म्य जाणणाऱ्या वैद्यास वेगळे सांगायला नको.

काही वर्षांपूर्वी अकरा महिन्यांचे एक बालक माझ्याकडे आणले होते. मान धरत नव्हते, मुठी आवळलेल्या. जन्मल्यावर उशिरा रडले, आठवडाभर काचेच्या पेटीत होते. मी वातव्याधी मानून चार महिने अभ्यंग व स्वेदन केले. अंग थोडे सैलावले, मी संतुष्ट झालो. “हाक मारली तरी बघत नाही हो,” असे माता दोनदा म्हणाली. मी ते बुद्धिमांद्य समजलो. पुढे बेरा तपासणीत बाधिर्य निघाले. श्रवणयंत्रास झालेला तो विलंब माझा होता.

म्हणून जन्मवृत्त विचारल्यावाचून आता मी तेलाची बाटली उघडत नाही. चार महिन्यांनंतरही मुठी मिटलेल्या, वर्षाच्या आत एकाच हाताचा वापर, डोक्याचा घेर न वाढणे, आवाजाकडे न वळणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाकडे वा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे. अभ्यंग चालू राहू द्यावा; आईचा हात बालकास लागतो, हेही थोडके नाही. परंतु गिळताना ठसका लागणाऱ्या बालकास घृत पाजू नये व नाकात तेल घालू नये. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. प्रतिमर्श वगळता सात वर्षांखाली नस्य वर्ज्य, असे अष्टांगहृदयही सांगते. आणि अशा बालकास प्रतिमर्शही नको.