भागधारक कुटुंबे

भारतातील मध्यमवर्गीय कुटुंबे शेअर बाजाराकडे वळली ती प्रामुख्याने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात. १९७३च्या ‘फेरा’ (परकीय चलन नियमन) कायद्यामुळे अनेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागला. उरलेले शेअर भारतीयांना विकले गेले. विक्रीची किंमत सरकारी नियंत्रणाखाली ठरे आणि ती बहुधा कमीच असे. नामांकित कंपनीचा शेअर स्वस्तात मिळतो म्हटल्यावर पगारदारांनीही अर्ज भरले. १९७७ साली रिलायन्सच्या शेअरविक्रीलाही हजारो छोट्या गुंतवणूकदारांनी प्रतिसाद दिला.

शेअर मिळाला तरी तो विकणे जिकिरीचे असे. कागदी प्रमाणपत्राला हस्तांतरणाचा अर्ज जोडायचा, त्यावर मुद्रांक लावायचे, सही करायची. कंपनीच्या दप्तरातील जुन्या सहीशी ती जुळली नाही, तर महिन्या-दोन महिन्यांनी सगळे कागद परत येत. दलाल याला ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणत. प्रमाणपत्रे टपालात गहाळ होत, बनावटही निघत. १९९६च्या डिपॉझिटरी कायद्याने शेअर डिमॅट (इलेक्ट्रॉनिक) खात्यात आले आणि हा जाच संपत गेला. त्याआधी, १९९२च्या रोखे घोटाळ्याच्या वर्षीच, बाजाराची नियामक संस्था असलेल्या ‘सेबी’ला कायद्याने अधिकार मिळाले होते.

खरी गर्दी मात्र करोनाकाळात झाली. मार्च २०२० मध्ये सुमारे चार कोटी असलेली डिमॅट खाती ऑगस्ट २०२२ मध्ये दहा कोटींवर गेली. एकाच व्यक्तीची अनेक खाती असू शकतात, त्यामुळे माणसे याहून कमी. राष्ट्रीय शेअर बाजारातील नोंदणीकृत गुंतवणूकदारांनी दहा कोटींचा टप्पा ऑगस्ट २०२४ मध्ये ओलांडला. त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा आहे.

छोट्या गुंतवणूकदाराचे बळ आज सर्वाधिक दिसते ते म्युच्युअल फंडांतून. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी निव्वळ ९० हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीचे शेअर विकले. त्याच महिन्यात घराघरांतून ‘एसआयपी’चे (ठरावीक हप्त्यांच्या गुंतवणुकीचे) २५ हजार कोटींहून अधिक रुपये फंडांत आले. बाजार घसरला, पण फंडांसारख्या देशी संस्थांच्या खरेदीमुळे कोसळला नाही. पूर्वी परदेशी पैसा निघाला की बाजाराला असा आधार क्वचितच मिळे.

याच काळात अनेक जण फ्युचर्स-ऑप्शन्सच्या, म्हणजे पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांच्या, वाटेला गेले, आणि ही बाब गंभीर आहे. सेबीच्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांतील ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये कोणत्याही कंपनीचा तिळभर हिस्साही हाती येत नाही. त्याला गुंतवणूक म्हणणेच चुकीचे.

शेअर हातात असेल तर लाभांश मिळतो, मताचा हक्क मिळतो आणि तो शेअर वारसांकडेही जातो. सलग सात वर्षे लाभांश घेतला गेला नाही, तर ती रक्कम आणि ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतात. तेथून वारसांना ते अर्ज करून परत मिळवता येतात. खात्यावर वेळीच नामनिर्देशन (नॉमिनेशन) केलेले असले, तर शेअर नावावर होताना धावपळ कमी होते.