इंग्रजी वाक्प्रचार व त्यांचें मर्म



भाषांतराच्या तासाला एका मुलानें ‘इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’ याचें मराठी ‘कुत्रीं-मांजरें पडत आहेत’ असें केलें व वर्गांत हंशा पिकला. परंतु हंसणाऱ्यांनीं आपल्या ‘मुसळधार पावसाचें’ शब्दशः इंग्रजी करून पाहावें. आकाशांतून मुसळें पडतात हें कोणत्या इंग्रजास पटेल? वाक्प्रचारांत शब्द ओळखीचे असतात, अर्थ मात्र निराळा असतो. म्हणून शब्दांमागील प्रसंग आधीं जाणून घ्यावा.

‘टु कॅरी कोल्स टु न्यूकॅसल’ म्हणजे न्यूकॅसलला कोळसा नेणें. उत्तर इंग्लंडांतील हें शहर कोळशासाठीं शेंकडों वर्षें प्रसिद्ध होतें. तेथूनच गलबतें भरून लंडनला कोळसा जात असे. अशा ठिकाणीं बाहेरून कोळसा नेणें हा व्यर्थ खटाटोप होय. मग आपल्या जिल्ह्यांत ‘खामगांवास कापूस नेणें’ म्हटलें तर चालेल काय? मुळींच नाहीं. खामगांव ही कापसाची नांवाजलेली पेठ. १८७० सालीं जलंबपासून तेथवर आगगाडीचा फांटा आला तो कापसासाठींच. शेतकऱ्यानें तेथें कापूस नेणें हें शहाणपणाचेंच काम! मात्र ज्या लोणारच्या खाऱ्या सरोवरांतून पूर्वी मीठ व सोडा काढीत, त्या ‘लोणारास मीठ नेणें’ असें म्हटल्यास अर्थ नेमका उतरतो.

कधीं कधीं शब्द सारखे असून अर्थ उलट असतो. ‘टु वॉश वन्स हँड्स ऑफ’ हा वाक्प्रचार शुभवर्तमानांतून आला. रोमन सुभेदार पिलात यानें लोकांसमक्ष हात धुऊन ‘मी या रक्ताविषयीं निर्दोष आहें’ असें सांगितलें, हें मत्तयानें लिहिलें आहे. अर्थात् हात धुणें म्हणजे जबाबदारी झटकणें. मराठींत मात्र ‘हात धुऊन पाठीस लागणें’ म्हणजे पिच्छा न सोडणें! पत्रांत ही गफलत झाली, तर सोडलेल्या कामाचाच आपण ध्यास घेतला असा वाचणाऱ्याचा ग्रह होईल.

मिठाचेंही तसेंच आहे. मराठी माणूस गोष्ट ‘तिखटमीठ लावून’ सांगतो. इंग्रज ती ‘विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’, म्हणजे चिमूटभर मिठासह ऐकतो. सांगणाऱ्याचें मीठ अतिशयोक्तीचें, ऐकणाऱ्याचें सावधपणाचें.

परभाषेचें हें मर्म केवळ कोश पाहून कळत नाहीं. मोल्सवर्थ यांनीं १८३१ सालीं मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तो येथील शास्त्र्यांच्या साह्यानें. १८९९ सालीं ऑक्सफर्ड येथें मराठी म्हणींचा संग्रह छापविणारे रेव्हरंड मॅनवेरिंग यांनाही म्हणी मिळाल्या त्या मराठी लोकांपासूनच.

आपणही एक वही करावी. तींत तीन रकाने आंखावेत: इंग्रजी वाक्प्रचार, त्यामागील प्रसंग व आपल्या घरांतील बोल. पहिले दोन रकाने शाळेंत भरतील. तिसऱ्यासाठीं मात्र घरीं जाऊन आईस व आजीस विचारावें. पालकहो, आपणांस इंग्रजी येत नसेल तरी हरकत नाहीं. हा तिसरा रकाना आपल्यावांचून भरावयाचा नाहीं.