मांजराची बशी रात्री कोण चाटतं?

नवी मुंबईलगतच्या गव्हाण गावाच्या एका अंगाला उलव्याचे टॉवर उभे राहिलेत, दुसऱ्या अंगाला खाडी आणि तिवरांची दाटी आहे. थोडं आत गेलं की टेकड्या लागतात. अशा जागी भटक्या मांजरांना खाऊ घालणारे लोक दोन प्रकारचे दिसतात. जुन्या आगरी-कोळी वस्तीत मासळी साफ करून झाली की आतडी, खवलं, मुंडकी परसात टाकली जातात आणि मांजरं ती उचलतात. नव्या सोसायट्यांमध्ये रात्री जेवणं आटोपल्यावर कुणीतरी कोरड्या खाद्याची पिशवी घेऊन खाली उतरतं, कुंपणाच्या कडेला बशी भरतं आणि वर निघून जातं. पहिले मांजरांवर उपकार करतोय असं मानत नाहीत, दुसरे मानतात. घोटाळा मात्र दोघांचा एकच आहे: खाणं ठेवून पाठ फिरवायची.

गैरसमज: सकाळी बशी रिकामी, म्हणजे मांजरांचं पोट भरलं.

बशी रिकामी झाली एवढंच त्यातून सिद्ध होतं. खाडीकाठच्या गावात रात्री त्या बशीवर हक्क सांगणारे बरेच असतात. सर्वांत आधी येते ती घूस आणि तिच्यामागून उंदीर. मग भटकी कुत्री. झाडांवरून आणि छपरांवरून फिरणारं उदमांजर, जमिनीवरून वावरणारी जवादी मांजर आणि नवी मुंबई ते उरण पट्ट्यातल्या कांदळवनात आजही टिकून असलेला सोनेरी कोल्हा हेही त्याच वेळचे. दिवस उजाडला की पाळी बदलते. कावळे, घारी, मुंगूस आणि उन्हं वर आल्यावर घोरपड.

कोण येतं हे कळायला महागडा कॅमेरा लागतोच असं नाही. बशीभोवती हातभर रुंद पट्टा बारीक चाळलेल्या मातीचा किंवा राखेचा पसरून ठेवा. मांजराचा ठसा गोल असतो, चार बोटांचा, आणि त्यात नखं उमटत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. कुत्रा आणि कोल्हा दोघांच्या ठशांत नखं दिसतात. कोल्ह्याचा ठसा जरा लांबट आणि आटोपशीर. मुंगसाला पाच बोटं असतात, पण मऊ मातीतही पाचवं नेहमी उमटतंच असं नाही. घूस ठशांपेक्षा लेंड्यांवरून आणि भिंतीलगतच्या बिळावरून लवकर ओळखू येते. हे दोन-तीन रात्री केलं, तर आपण महिनाभर नक्की कुणाला पोसत होतो याचा उलगडा होतो. बऱ्याच ठिकाणी उत्तर घूस असंच निघेल.

गैरसमज: काल रात्री दिसला तो लांडगा होता. किंवा बिबट्याचं पिल्लू.

खाडीकाठी दिसतो तो कोल्हा. वजन साधारण आठ ते दहा किलो, म्हणजे गावठी कुत्र्यापेक्षा हलका, शेपटी झुबकेदार आणि टोकाला काळसर. बिबट्याचं पिल्लू म्हणून ज्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात ते पुष्कळदा रानमांजर असतं: पाय लांब, कानांच्या टोकाला केसांची बारीक शेंडी, शेपटी आखूड आणि तिच्यावर काळे पट्टे. अंगावर ठिपके आणि शेपटीवर वळी दिसली, तर जवादी मांजर. गवतात रानमांजराची पिल्लं एकटी सापडली तर ती अनाथ झाली असं समजून घरी नेऊ नका. आई जवळपास असते आणि माणूस दूर झाला की परत येते. हे सगळे प्राणी वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, पाळणं, मारणं हा गुन्हा आहे, मग ते आपल्या मांजराचं खाणं पळवत असले तरीही.

गैरसमज: रात्री शांतता असते, म्हणून खाणं रात्रीच घालावं.

रात्री माणसांची वर्दळ नसते, बाकी सगळ्यांची असते. भटक्या मांजराला रात्रीच खावं लागतं असं काही नाही. त्याला वेळ कळते. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, रोज त्याच हाकेला खाणं मिळू लागलं की आठवडा-दोन आठवड्यांत मांजरं त्या वेळेआधीच येऊन बसतात. कोल्ह्या-उदमांजरांची वेळ अंधारानंतरची. म्हणून मांजरांची वेळ सूर्यास्ताच्या तासभर आधीची किंवा सकाळी चांगलं उजाडल्यावरची ठेवावी. अर्धा तास तिथे थांबावं. मांजरं खाऊन गेली की उरलेलं उचलावं, बशी घरी न्यावी, सांडलेलं झाडून घ्यावं. सगळ्या खटाटोपात अवघड भाग हाच अर्ध्या तासाचा आहे, आणि टाळला जातो तोही हाच.

दिवसा कावळे आणि घारी त्रास देतात हे खरं. त्यासाठी वर छप्पर असलेली, दोन बाजूंनी उघडी पेटी पुरते. पक्ष्याला आत शिरणं आवडत नाही आणि मांजराला दुसऱ्या बाजूने पळायची वाट लागतेच. कोल्हा आणि कुत्रा टाळायचे असतील तर खाणं चार-पाच फूट उंचीवर ठेवा, भिंतीच्या कठड्यावर किंवा फळीवर. धडधाकट मांजर एका उडीत तिथे पोचतं. कोल्ह्याला चढता येत नाही. म्हाताऱ्या मांजरांना आणि पिल्लांना मात्र ही उडी जमत नाही. त्यांना जमिनीवरच, पण आपल्या डोळ्यांसमोर खाऊ घालावं. उदमांजर, उंदीर आणि घोरपड यांना उंचीने काही फरक पडत नाही, त्यांच्यावर उपाय घड्याळाचाच. मुंग्यांसाठी पाण्याच्या परातीत मधोमध वाटी ठेवायची ही घरातली जुनी युक्ती इथेही चालते.

किती घालावं? तीन-चार किलोच्या मांजराला दिवसाला सुमारे 200 ते 250 किलोकॅलरी लागतात. कोरडं खाद्य असेल तर ते साधारण 50 ते 60 ग्रॅम होतं, दोन मुठींच्या आसपास. मांजरं मोजा आणि तेवढंच घाला. ‘उरलं तर उद्या खातील’ हा हिशेब मांजरांच्या बाबतीत कधीच खरा ठरत नाही. पावसाळ्यात तर नाहीच. जून ते सप्टेंबर भिजलेलं उरलंसुरलं अन्न म्हणजे उंदीर-घुशींना मेजवानी, आणि त्यांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरणारा लेप्टोस्पायरोसिस कोकणपट्टीला नवा नाही. पायाला भेग किंवा जखम असलेला माणूस त्या पाण्यातून चालला की जंतूंना वाट मिळते. मांजरं उंदीर कमी करतात म्हणून त्यांना पोसायचं आणि त्याच बशीने उंदीर वाढवायचे, असा हा उफराटा व्यवहार होतो.

गैरसमज: कोल्ह्यालाही घास मिळाला तर पुण्यच.

मन मोठं आहे, पण फायदा कोल्ह्याचा नाही. खाडीत त्याला खायला असतं. चिंबोरी, मासे, उंदीर, घुशी, पडलेली फळं. जे गावाच्या ताटात येतं त्यातलं बरंच तो तिवरांत स्वतः शोधतो. मांजरांच्या बशीला चटावला की तो वस्तीत येऊ लागतो, आणि वाटेत आता जुनी पाणंद नाही. 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतूचं उद्घाटन झालं, बेलापूरची लोकल उरणपर्यंत पोचली, 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. न्हावा शेवा बंदराचे कंटेनर तर त्याच्या कितीतरी आधीपासून रात्रभर धावताहेत. अंधारात रस्ता ओलांडणाऱ्या प्राण्यासमोर तो ट्रेलर थांबत नाही.

दुसरा धोका रोगांचा. एकाच बशीत तोंड घालणारे प्राणी एकमेकांना आजार देतात. कुत्र्यांमधले डिस्टेंपर आणि पार्व्हो कोल्ह्यांना होतात. मांजरांचा पॅनल्यूकोपेनिया, ज्यात लसीविना पिल्लं दोन-तीन दिवसांत दगावतात, तो उदमांजरांनाही होऊ शकतो. आणि रेबीज. 2024 च्या अखेरीस मुंबईत ट्रॉम्बे-चेंबूर परिसरातल्या कोल्ह्यांमध्ये रेबीज आढळल्याच्या बातम्या आल्या होत्या. रेबीज फक्त कुत्र्याला होतो ही समजूत चुकीची आहे. मांजर, मुंगूस, कोल्हा, कुठल्याही सस्तन प्राण्याला तो होऊ शकतो. बशीवरून भांडण सोडवताना मांजर चावलं किंवा रक्त येईल असं ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही.

बशीपाशी वाद झाला तर कोल्हा मांजराचं पिल्लू उचलूही शकतो. त्यात कोल्ह्याचा दोष शोधण्यात अर्थ नाही, त्याला तिथे बोलावलं कुणी?

गैरसमज: पोट भरलेलं मांजर शिकार करत नाही.

करतं. शिकारीची उबळ भुकेवर अवलंबून नसते. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाळीव मांजरांना मांसाचं प्रमाण जास्त असलेलं खाद्य दिल्यावर त्यांनी घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी कमी झाली, आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्यावर 25 टक्क्यांनी. कमी झाली, थांबली नाही. तीही घरातल्या मांजरांची. म्हणून गव्हाण-उरण पट्ट्यात खाऊ घालण्याची जागा खाडीच्या बांधापासून आणि पाणथळीपासून जितकी आत, तितकी बरी. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. तिच्या शेजारी दहा मांजरांचा अड्डा जमवणं म्हणजे एका जिवाची दया दुसऱ्याच्या खर्चाने करणं.

गैरसमज: दूध-पोळी घातली की झालं.

मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला अन्नातून, म्हणजे मांस-मासळीतूनच मिळवावं लागतं. ते कमी पडलं की डोळे आणि हृदय बिघडतं. मोठ्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, हगवण लागते. काही कच्च्या माशांत ब1 जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, तेव्हा मासळी उकडून, मोठे काटे काढून द्यावी. कांदा-लसणाचं कालवण नको.

गैरसमज: खाणं बंद केलं की मांजरं निघून जातील.

मासळी वाळत असते, कचराकुंडी उघडी असते, तोवर मांजरं कुठेही जात नाहीत. ती फक्त हडकुळी आणि आजारी होतात. याउलट नुसतं खाऊ घालत राहिलं, तर संख्या वाढते. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, गर्भ सुमारे नऊ आठवड्यांचा, आणि वर्षात दोन-तीन विणी सहज होतात. ज्याला खाऊ घालायचंय त्याने नसबंदीची जबाबदारीही घ्यावी, हे माझं स्पष्ट मत आहे. ठरल्या वेळी जेवणाऱ्या मांजरांना पिंजऱ्यात घेणं सोपं जातं, हा वेळ पाळण्याचा आणखी एक फायदा. नसबंदी झालेल्या मांजराच्या कानाचं टोक छाटतात, म्हणजे ते पुन्हा पकडलं जात नाही.

गैरसमज: सुप्रीम कोर्टाने खाऊ घालायला बंदी केली आहे.

22 ऑगस्ट 2025 चा आदेश भटक्या कुत्र्यांबद्दल होता, आणि त्यातही कुत्र्यांना खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमायला सांगितलं होतं. मार्च 2023 मध्ये आलेल्या पशु जन्म नियंत्रण नियमांनुसार वस्तीतल्या बेवारस प्राण्यांना खाऊ घालण्याची जागा आणि वेळ सोसायटीने किंवा स्थानिक संस्थेने ठरवायची आहे: जिने, प्रवेशद्वारं आणि मुलांच्या खेळण्याच्या जागा सोडून. तिथे स्वच्छता राखणं खाऊ घालणाऱ्यावर बंधनकारक आहे. वन्यप्राणी या नियमांत येत नाहीत. त्यामुळे ‘मी कोल्ह्यालाही घालतो’ याला या नियमांचा आधार मिळत नाही.

गैरसमज: डांबराच्या गोळ्या टाकल्या की कोल्हा-मुंगूस फिरकत नाहीत.

त्या गोळ्यांमधलं नॅफ्थलीन मांजरालाच विषारी असतं. उंदरांचं औषध ठेवलं तर मेलेला उंदीर मांजर, घार किंवा कोल्हा खातो आणि विष पुढे सरकतं. तिखट आणि रॉकेल यांनी जनावराच्या नाका-डोळ्यांना इजा होते, आणि वास उडाला की ते परत येतंच.

वस्तीत जखमी किंवा अडकलेला कोल्हा, घोरपड, जवादी मांजर दिसली, किंवा एखादा प्राणी भर दिवसा झोकांड्या खात, लाळ गाळत फिरताना आढळला, तर मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा, त्याच्या जवळ जाऊ नका, पोतं टाकून पकडण्याचा उद्योग तर मुळीच करू नका. महाराष्ट्र वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा आणि पथक येईपर्यंत प्राणी कुठे आहे एवढ्यावर नजर ठेवा.