जामीन झाला, पण…

लिंगाण्यावर शिवकाळात कैदी ठेवत. सुळक्याच्या पोटात खोदलेल्या गुहा, खाली सरळ कडा. दोर-शिड्या काढून घेतल्या की निम्मा पहारा डोंगरच करी. इंग्रजांनी हे काम समुद्राकडून करून घेतलं. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके १८७९मध्ये पकडले गेले आणि जन्मठेप भोगायला थेट एडनला धाडले गेले. कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उखडून ते बाहेर पडले खरे, पण परक्या मुलखात जाणार कुठे? पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनमध्येच त्यांचं निधन झालं.

आज पनवेल तालुक्यातच तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. भिंती उंच आहेतच. पण आतल्या बऱ्याच जणांचा मुक्काम कशावर ठरतो, ते न्यायालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानाशी उभं राहिलं की कळतं.

पन्नाशीतल्या एक बाई पिशवीतून कागद काढत होत्या. मुलाला जामीन मंजूर झालेला, मुलगा अजून आतच. वकिलांचा कारकून एकेक कागद उलटत होता.

"मावशी, सातबारा कोणाच्या नावावर?"

"दिरांच्या."

"मग सहीला त्यांनाच यायला लागेल. आणि रेशनकार्डावरचं नाव आधारशी जुळत नाही."

"कापणी चाललीय. परवा येतो म्हणालेत."

परवा म्हणजे आत आणखी दोन रात्री. शिवाय दीर आले म्हणजे झालं, असंही नाही. जामीनदाराची मिळकत तपासणार, ऐपतदाखला मागितला तर तहसील कार्यालयात खेपा, मग बंधपत्र, मग सुटकेचा आदेश. तो कारागृहात वेळेत पोचला तर ठीक, नाहीतर दुसरा दिवस. रोख भरायची मुभा काहींना मिळते. पण ज्याच्याकडे रोख आहे तो इथे कशाला ताटकळेल?

देशातल्या दर चार कैद्यांपैकी साधारण तिघे कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा शाबित व्हायचाच आहे. तळोज्याचे कच्चे कैदी फादर स्टॅन स्वामी वयाच्या ८४व्या वर्षी, ५ जुलै २०२१ रोजी रुग्णालयात वारले, तेव्हा त्यांचा जामीन अर्ज उच्च न्यायालयात प्रलंबितच होता.

जामीन मिळूनही माणूस सात दिवसांत सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये सांगितलं. महिनाभरात बंधपत्र भरलं गेलं नाही, तर अटी सैल करायच्या का, हे न्यायालयाने आपणहून पाहावं. स्थानिक जामीनदाराचा हट्टही शक्यतो नको. बाईंच्या कानावर यातलं काही नव्हतं. कारकुनाला सगळं ठाऊक होतं. अट बदलून घ्यायचा अर्ज का नाही करत, असं विचारलं, तर तो कागदांना टाचणी मारत म्हणाला, "अर्जाला तारीख पडेल. त्याआधी दीर येतील."