पाच जणी खेळतात, चौघींचं मोजतात

ज्यांना बसमध्ये इअरफोन सापडत नाही, किंवा जे आमचं बोलणं १.५ स्पीडवर ऐकून कंटाळलेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे अडखळलो ते काढलंय, बाकी बरंचसं तसंच आहे.

७ ऑगस्ट २०२१ ची पहाट आठवतेय? टोकियो ऑलिंपिक. एरवी गोल्फ म्हणजे श्रीमंतांचं फिरणं असं म्हणणारे आपण सगळे त्या दिवशी पहाटे उठून अदिती अशोकसाठी टीव्हीसमोर बसलो होतो. बोगी म्हणजे काय, बर्डी म्हणजे काय, अर्ध्या तासात शिकलो. ती चौथी आली. रौप्य आणि कांस्य जिंकणाऱ्या दोघींपेक्षा फक्त एक फटका जास्त. मेडल हुकलं, पण गोल्फमधला एक फटका काय चीज असते ते घराघरात कळलं.

त्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की बाकीच्या देशांतल्या या मुली तयार कुठे होतात? अदिती कॉलेज गोल्फ खेळली नाही; १ जानेवारी २०१६ ला, सतरा वर्षांची असताना ती सरळ व्यावसायिक झाली. पण जगातल्या कितीतरी मुली दुसऱ्या वाटेने जातात, आणि ती वाट अमेरिकेतल्या कॉलेजांमधून जाते. त्या वाटेवरचा सगळ्यात धमाल आणि सगळ्यात छातीत धडधड करणारा टप्पा म्हणजे एप्रिलमधली कॉन्फरन्स चॅम्पियनशिप. आज तिच्याबद्दलच बोलू.

आधी ‘कॉन्फरन्स’ म्हणजे काय? चर्चासत्र नाही! आपल्याकडे कसं, आधी आंतरमहाविद्यालयीन, मग विभागीय, मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ, अशी शिडी असते. तिकडे विद्यापीठांनी आपापले गट केलेत. दहा-बारा-सोळा विद्यापीठांचा एक गट, तो सगळे खेळ आपसात खेळतो, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. दक्षिणेकडची ‘एसईसी’, अटलांटिक किनाऱ्याची ‘एसीसी’, मध्य-पश्चिमेची ‘बिग टेन’, अशा मोठ्या कॉन्फरन्स आणि कितीतरी छोट्या. वर्षभर त्यांच्या टीम इकडेतिकडे स्पर्धा खेळतात, आणि शेवटी प्रत्येक कॉन्फरन्स आपला चॅम्पियन ठरवते.

आता नावं भूगोलावरून असली तरी भूगोल राहिला नाही, ही गंमत सांगायलाच हवी. २०२४ मध्ये पश्चिम किनाऱ्याची ‘पॅक-१२’ कॉन्फरन्स जवळपास मोडली. बारापैकी दहा विद्यापीठं निघून गेली, कारण फुटबॉलच्या टीव्ही हक्कांचा पैसा. मग पॅसिफिक किनाऱ्यावरचं स्टॅनफर्ड गेलं कुठे? ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’मध्ये! म्हणजे रत्नागिरीच्या कॉलेजने ‘बंगालचा उपसागर करंडक’ खेळावा तसं. फुटबॉलसाठी झालेल्या या सौद्यात गोल्फच्या मुली आपल्या बॅगा घेऊन देशाच्या या टोकापासून त्या टोकाला जातात, तीन तासांचा टाइम झोन ओलांडून, आणि परत येऊन परीक्षाही देतात. त्यांना कोणी विचारलं असेल असं मला तरी वाटत नाही.

बरं, आता खेळाकडे. इथे जरा थांबून समजून घ्या, कारण खरी मजा यातच आहे.

गोल्फ हा एकटीचा खेळ. बॉल तुझा, काठी तुझी, चूक तुझी. मग टीम कशी करायची? साधारण पद्धत अशी, की प्रत्येक टीमच्या पाच जणी खेळतात, पण प्रत्येक फेरीत त्यातल्या सगळ्यात चांगल्या चार आकड्यांचीच बेरीज होते. पाचवा, म्हणजे सगळ्यात वाईट आकडा, सोडून देतात. अशा तीन फेऱ्या, ५४ होल.

हिशेब करून बघू. समजा कोर्सची पार ७२ आहे, म्हणजे १८ होल ७२ फटक्यांत व्हावेत अशी अपेक्षा. तुमच्या टीमच्या पाच जणींनी ७०, ७२, ७४, ७६ आणि ८३ फटके घेतले. ८३ गेला. उरलेल्यांची बेरीज २९२. समोरच्या टीमची २९३. तुम्ही एका फटक्याने पुढे.

आता मला सांगा, या टीममधली सगळ्यात महत्त्वाची मुलगी कोण? सगळे म्हणतील ७० वाली. फोटो तिचाच येणार. पण ७६ वालीचा विचार करा. तिने शेवटच्या होलवर बॉल पाण्यात घातला असता आणि ७६ चे ७८ झाले असते, तर बेरीज २९४, आणि तुम्ही हरलात. ७० वालीने काहीही चूक न करता! म्हणून कॉलेज गोल्फ बघताना जाणकार माणूस पहिल्या नंबरकडे बघत नाही, चौथ्या आकड्याकडे बघतो. टीमची खरी ताकद तिथे दिसते.

आणि ८३ वालीचं काय? ती बिचारी फुकट खेळली का? अजिबात नाही. एक तर, आपला आकडा सुटणार की मोजला जाणार हे फेरी संपेपर्यंत कोणालाच माहीत नसतं. पहिल्या नऊ होलमध्ये तिचं सगळं बिघडलेलं असतं, ती मनातून हरलेली असते, आणि तेवढ्यात पुढच्या ग्रुपमधल्या मैत्रिणीचा खेळ कोसळतो. अचानक हिचा प्रत्येक पट मोजला जायला लागतो. दुसरं, एखादी आजारी पडली, किंवा चुकीच्या स्कोअरकार्डवर सही करून बाद झाली, तर त्या फेरीत उरलेल्या चौघींचे चारही आकडे धरावेच लागतात. आणि दोघी बाद झाल्या तर? मग चार आकडेच होत नाहीत, टीमची बेरीजच होत नाही. म्हणजे जिचा आकडा नको म्हणून टाकून देतात, तीच टीमचा विमा असते. अलीकडे काही स्पर्धांत दोन फेऱ्यांच्या मध्ये राखीव खेळाडू आणता येते, त्यामुळे प्रशिक्षकाला थोडा श्वास मिळतो. पण मग रात्री कोणाला तरी ‘उद्या तू बसायचंस’ हे सांगायचं कामही त्याच्याकडेच येतं.

त्यात अजून एक तिढा. हेच स्कोअरकार्ड वैयक्तिक विजेतेपदासाठीही धरतात. आता डोळ्यासमोर आणा: शेवटचा होल, ग्रीनसमोर तळं. वैयक्तिक किताब हवा तर धोका पत्करून बर्डी काढायला पाहिजे. टीमला मात्र साधी पार पुरते. काय करशील? इथे प्रशिक्षक शेजारी येऊन बोलू शकतो, व्यावसायिक गोल्फमध्ये असं चालत नाही. पण कॅडी नसतो. चौदा काठ्यांची बॅग स्वतःच खांद्यावर घ्यायची किंवा ट्रॉलीवर ढकलायची. अठरा होल म्हणजे सहज आठ-दहा किलोमीटर चाल, आणि कॉलेजच्या बऱ्याच स्पर्धांत पहिल्याच दिवशी ३६ होल असतात. फिरणं म्हणणाऱ्यांनी एकदा ती बॅग उचलून बघावी.

एवढं सगळं कशासाठी? तिकिटासाठी. कॉन्फरन्स जिंकली की राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या पायरीवर, म्हणजे ‘रिजनल’मध्ये, थेट प्रवेश. सध्याची रचना अशी: ७२ टीम, सहा ठिकाणी बारा-बारा. प्रत्येक ठिकाणाहून पहिल्या पाच पुढे, म्हणजे ३० टीम राष्ट्रीय अंतिम स्पर्धेला. मोठ्या कॉन्फरन्समधल्या टीमला हरूनही आत यायची आशा असते, कारण उरलेल्या जागा वर्षभराच्या कामगिरीवर, रँकिंगवर देतात. पण छोट्या कॉन्फरन्समधल्या टीमचं रँकिंग तेवढं वर जातच नाही. त्यांच्यासाठी एप्रिलमधले ते तीन दिवस हा एकच दरवाजा. चौथ्या वर्षाच्या मुलीचा तिथे एक पट हुकला, की तिचं कॉलेज गोल्फ तिथेच संपलं.

आणि तिकीट मिळालं म्हणजे खेळायला मिळेलच असंही नाही! २०२१ चा बॅटन रूजचा किस्सा ऐका. लुइझियाना राज्य. तेव्हा रिजनल चार असायचे, प्रत्येकी १८ टीम, पहिल्या सहा पुढे. मे महिना, धो धो पाऊस. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी सांगितलं की कोर्स खेळण्याजोगा आहे, पण चॅम्पियनशिपच्या दर्जाचा नाही. स्पर्धा रद्द. मग पुढे कोण जाणार? स्पर्धेआधीच्या मानांकनातल्या पहिल्या सहा टीम. एकही फटका न मारता. उरलेल्या बारा टीम, त्याही एकही फटका न मारता, घरी. रडणाऱ्या मुलींचे व्हिडिओ जगभर फिरले, आणि नंतर या टीमसाठी ॲरिझोनामध्ये एक वेगळी स्पर्धा भरवली गेली.

आता यातली खरी मेख सांगतो. त्या सहांमध्ये दुसऱ्या मानांकनावर होती ओल मिस, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठ. २०१९ ची एसईसी चॅम्पियन. ती पुढे गेली आणि त्या वर्षीची राष्ट्रीय विजेती झाली! अंतिम सामन्यात ओक्लाहोमा स्टेटला ४-१ ने हरवून. मिसिसिपीच्या मुलींची यात काही चूक नव्हती, त्या जिंकल्या त्या खेळूनच जिंकल्या. पण मला अजूनही त्या बारा टीमचा राग समजतो. पावसाने धुतलेल्या मॅचमध्ये निदान दोघांना एकेक गुण तरी मिळतो हो.

अंतिम सामना ४-१ कसा, फटके तर शेकड्यांत असतात, असं विचाराल. बरोबर पकडलंत. २०१५ पासून महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत फटक्यांची बेरीज करून आठ टीम निवडतात आणि मग ‘मॅच प्ले’ होतो. पाच विरुद्ध पाच, एकास एक, प्रत्येक होल वेगळा जिंकायचा. तीन लढती जिंकल्या की टीम जिंकली. आपल्याकडच्या डेव्हिस कपसारखं समजा. नंतर एसईसी, एसीसीसारख्या कॉन्फरन्सनीही आपल्या स्पर्धांत हे आणलं. इथे कोणाचाही आकडा सोडून देत नाहीत, पाचवी मुलगीही पूर्ण एका गुणाची मालकीण.

त्या पहिल्याच वर्षी, २०१५ मध्ये, स्टॅनफर्ड आणि बेलर २-२ असे बरोबरीत. उरली एकच लढत. स्टॅनफर्डची मरायाह स्टॅकहाउस दोन होल मागे, आणि होल उरलेले दोनच. म्हणजे एक जरी बरोबरीत सुटला तरी खेळ खलास. तिने सतरावा जिंकला, अठरावा जिंकला, आणि मग एकोणिसाव्यावर, जादा होलवर, सामना जिंकला. यूट्यूबवर शोधा.

पैशांचं थोडक्यात. अमेरिकेत कॉलेजच्या महिलांची राष्ट्रीय गोल्फ स्पर्धा पहिल्यांदा १९४१ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात झाली, पण शिष्यवृत्त्यांचा मार्ग खुला झाला तो १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानंतर. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव चालणार नाही, एवढंच तो कायदा म्हणतो. पण परिणाम बघा. पहिल्या दर्जाच्या विद्यापीठात पुरुषांच्या गोल्फला साडेचार शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, महिलांच्या गोल्फला सहा! कारण एकट्या अमेरिकन फुटबॉलला ८५ लागायच्या, तो तोल दुसरीकडे सांभाळायला हवा. त्या सहा आठ-नऊ जणींत वाटल्या जायच्या. २०२५-२६ पासून मोठ्या विद्यापीठांत ही पद्धत बदलली आणि शिष्यवृत्त्यांऐवजी टीमवरच नऊ जणींची मर्यादा आली. याच वाटेने युरोप-आशियातल्या मुली येतात; ओल मिसच्या त्या टीममध्ये स्वित्झर्लंडची मुलगी होती, स्वीडनचीही.

आणि मोठ्या खेळाडूंनाही हे हवं असतं. रोझ झँग घ्या. स्टॅनफर्डमध्ये दोन वर्षांत २० स्पर्धा खेळली, १२ जिंकली. त्याच विद्यापीठात टायगर वुड्सच्या नावावर ११ आहेत. २०२२ आणि २०२३ असं लागोपाठ राष्ट्रीय वैयक्तिक विजेतेपद, मग जून २०२३ मध्ये व्यावसायिक म्हणून पहिलीच स्पर्धा खेळली आणि तीही जिंकली. असं एलपीजीएमध्ये १९५१ नंतर कोणालाच जमलं नव्हतं.

बघायचं कसं? एप्रिलच्या मध्यापासून कॉन्फरन्स सुरू होतात. टीव्हीवर आपल्याकडे मिळणं कठीण, पण ‘क्लिप्ड’ कंपनीच्या ‘स्कोअरबोर्ड’ साइटवर लाइव्ह स्कोअर दिसतो. तिकडच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे ऑफिसमधून घरी येताना लोकलमध्ये बघता येतं. टीमचं नाव दाबा, पाच नावं उघडतील. वरचं नाव सोडून द्या. चौथं आणि पाचवं बघा. शेवटच्या तासाभरात ती दोन नावं वर-खाली होताना दिसली, की समजा मॅच रंगलीय.

पुढच्या भागात पाऊस आणि डकवर्थ-लुईस. तोपर्यंत प्रश्न पाठवत राहा.